'आपला मार्ग' कशाने आपला ठरतो? : दोन पेगन ग्रंथांचे परीक्षण

लॅटिन भाषेतील 'पागानुस' ह्या शब्दाचे मूळ 'पागुस' म्हणजे गावशिवार ह्या शब्दात आहे. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचा जम बसू लागला, तेव्हा जुन्या देवदेवतांना न सोडणाऱ्या लोकांचा ख्रिस्ती लेखक ह्या शब्दाने उल्लेख करू लागले. 'पेगन' हे नाव अशा रीतीने इतरांनी दिलेले, आणि तेही कमी लेखून दिलेले नाव होय. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही स्त्रीपुरुषांनी हेच नाव स्वखुशीने अंगीकारले. निसर्गाला पवित्र मानणारे, देवाबरोबर देवीची उपासना करणारे, ऋतुचक्राप्रमाणे वर्षातून आठ सण पाळणारे असे हे लोक आहेत. इंग्लंड व वेल्स येथील २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी 'पेगन' आणि सुमारे १३ हजार लोकांनी 'विक्का' अशी आपल्या धर्माची नोंद केली. संख्या अल्प आहे. परंतु ह्यांपैकी बहुतेकांचा जन्म ह्या मार्गात झालेला नाही. घरचा धर्म सोडून ते इकडे आलेले आहेत. म्हणून धर्माच्या अभ्यासकाला टाळता न येणारा एक प्रश्न ह्या लहान समाजात फार स्पष्टपणे दिसतो. माणूस ज्याला 'माझा मार्ग' म्हणतो, तो कशाने त्याचा ठरतो? आवडला म्हणून, रक्ताने मिळाला म्हणून, की तपासून घेतला म्हणून?

ह्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन ग्रंथ एकत्र वाचण्यासारखे आहेत. पहिला स्कॉट कनिंगहॅम ह्यांचा 'विक्का : अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर' (१९८८) आणि दुसरा डोरीन व्हॅलिएंट ह्यांचा 'द रिबर्थ ऑफ विचक्राफ्ट' (१९८९). एक अमेरिकेत, दुसरा इंग्लंडमध्ये, अवघ्या एका वर्षाच्या अंतराने प्रसिद्ध झाला. पहिला मार्गदर्शक आहे, दुसरा आठवणींचा व चिकित्सेचा ग्रंथ आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. हे लेखक स्वतःला 'विच' म्हणवून घेतात. ह्या शब्दासाठी मराठीत 'चेटकीण' हा शब्द सहज सुचतो. परंतु आपल्या देशात चेटकीण वा डाकीण हे नाव कोणी निवडत नाही, ते एखाद्या असहाय स्त्रीवर लादले जाते आणि त्यापायी तिला मारहाण होते, तिचा जीवही घेतला जातो. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. म्हणून येथे 'विक्का' हाच शब्द योजला आहे.

विक्काचा ज्ञात इतिहास लहान आहे. मलायात ब्रिटिश अंमलाखाली जकात खात्यात नोकरी केलेले जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले. न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळीने १९३९ साली आपणास दीक्षा दिली, असे ते सांगत. चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांचा 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला मार्गारेट मरे ह्यांची प्रस्तावना होती. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारण्यात आले, ते सर्व एका प्राचीन, ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धांत मरे ह्यांनी १९२१ साली मांडला होता. गार्डनर ह्यांचा दावा असा की, तो धर्म नष्ट झाला नाही, गुप्तपणे टिकून राहिला आणि आपण त्याचे वारस आहोत. ह्या दाव्यातूनच एक नियम निघाला. परंपरा अखंड आहे, म्हणून दीक्षितानेच दीक्षा द्यावी. 'कव्हन' म्हणजे लहान दीक्षित मंडळी, तिच्याबाहेर मार्ग नाही.

कनिंगहॅम ह्यांच्या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व हे की, त्याने हे दार उघडे केले. ज्याच्या गावात कव्हन नाही, ज्याला गुरू भेटलेला नाही, अशा एकट्या माणसासाठी तो लिहिलेला आहे. देवता, विधी, वेदी, ऋतूंचे सण ह्यांचे सोपे विवेचन प्रथम येते. त्यानंतर आत्मसमर्पणाचा एक विधी, जो कोणीही एकट्याने करावा. आणि शेवटी विधी, वनस्पती, पाककृती ह्यांचा एक संपूर्ण संग्रह. भाषा नितळ आहे. लेखक वाचकाला भीती घालत नाही, रहस्याचा बाजार मांडत नाही, कोणास इजा होऊ नये हा नियम वारंवार बजावतो. दीक्षेचा अधिकार काही मोजक्या मंडळींच्या मुठीत असावा, हे त्यांना मान्य नाही. ज्ञानाच्या दारावर पहारा बसवणाऱ्या व्यवस्थेचा अनुभव ज्यांच्या पूर्वजांनी घेतला आहे, त्या वाचकाला ह्या ग्रंथामागील औदार्य लगेच जाणवेल. त्या औदार्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

परंतु दार उघडल्यावर आत आलेल्या माणसाने काय घ्यावे व काय टाकावे, ह्याचा निकष कोणता? येथे ग्रंथ दुबळा पडतो. विधीतील शब्द, साधने, देवतांची नावे वाचकाने आपल्या मनास रुचतील तशी बदलावीत; जे योग्य वाटते ते योग्य, असा एकंदर सूर आहे. गुरूच्या जागी येथे आवड बसवली आहे. आवड ही मात्र स्वतंत्र वस्तू नव्हे. ती लहानपणच्या संस्कारांतून, भोवतालच्या समाजातून आणि आजच्या काळात दुकानातूनही घडते. स्फटिक, मेणबत्त्या, धूप ह्यांची विक्री ज्या वेगाने वाढली, ती पाहता एकट्या साधकाचा 'आपला मार्ग' बराचसा दुसऱ्याने मांडून ठेवलेल्या मालातून निवडलेला असतो, असे म्हणावे लागते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकट्या साधकाला 'हे तुझे चुकले' असे सांगणारे कोणी उरत नाही. जुलमी गुरूपासून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण प्रश्न विचारणारा मित्रही त्याबरोबर गेला.

व्हॅलिएंट (१९२२–१९९९) ह्यांचा ग्रंथ ह्याच ठिकाणी उपयोगी पडतो. दार बंद ठेवावे, असे त्यांचेही मत नव्हते. 'विचक्राफ्ट फॉर टुमॉरो' (१९७८) ह्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्वयंदीक्षेचा विधी कनिंगहॅम ह्यांच्या दहा वर्षे आधीच छापला होता. भेद परवानगीचा नाही, तपासणीचा आहे. व्हॅलिएंट ह्यांना गार्डनर ह्यांनी १९५३ साली दीक्षा दिली. परंपरेने आलेली म्हणून जी पोथी, 'बुक ऑफ शॅडोज', त्यांच्यापुढे आली, तिच्यातील काही भाग अलीस्टर क्रोली ह्या समकालीन लेखकाचे आणि काही चार्ल्स लेलंड ह्यांच्या १८९९च्या 'अराडिया' ग्रंथातील आहेत, हे त्यांनी वाचनाच्या बळावर ओळखले. पोथीतील थर ओळखणे हे पाली ग्रंथांच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. पण नवदीक्षित स्त्रीने आपल्याच गुरूच्या पोथीवर ते करावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी ते तोंडावर सांगितले. गार्डनर ह्यांनी उसनवारी नाकारली नाही, आणि पुनर्लेखनाचे काम त्यांच्याकडेच आले. आज जगभर विक्काचे अनुयायी जे गद्य देवीवचन म्हणून म्हणतात, ते बहुतांशी व्हॅलिएंट ह्यांच्या लेखणीतून उतरलेले आहे.

दुसरी परीक्षा १९५७ साली आली. प्रसिद्धीचा हव्यास आवरावा म्हणून व्हॅलिएंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही नियम सुचवले, तेव्हा गार्डनर ह्यांनी असे नियम पूर्वीपासूनच आहेत असे सांगून 'प्राचीन नियमांची' एक यादी पुढे केली. तीत वय झालेल्या प्रमुख पुजारिणीने तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी, असेही एक कलम होते. इतकी वर्षे न दिसलेले नियम नेमके वादाच्या वेळीच कसे प्रकटले, आणि ते नेमके गुरूच्याच सोयीचे कसे, हा प्रश्न व्हॅलिएंट ह्यांनी विचारला आणि त्या कव्हन सोडून गेल्या. प्राचीनतेचे नाव घेऊन स्त्रीला बाजूस सारणारे नियम कसे तयार होतात, ह्याचा इतका जवळून घेतलेला पुरावा क्वचितच मिळतो. आपल्याकडील धर्मशास्त्रांच्या वाचकास तो ओळखीचा वाटेल.

तिसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. गार्डनर ह्यांच्या कथनातील 'ओल्ड डोरोथी' ही दीक्षादात्री स्त्री काल्पनिक असावी, अशी शंका अभ्यासकांनी घेतली होती. व्हॅलिएंट ह्यांनी १९८०पासून दप्तरे धुंडाळली आणि डोरोथी क्लटरबक नावाची, १८८० साली हिंदुस्थानात जन्मलेली व १९५१ साली निधन पावलेली स्त्री खरोखर होती, हे कागदपत्रांनिशी दाखवले. हे काम स्तुत्य आहे. पण व्यक्ती होती हे सिद्ध झाले, म्हणून परंपरा होती हे सिद्ध होत नाही. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन ह्यांनी 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) ह्या ग्रंथात क्लटरबक ह्यांच्या रोजनिश्यांचा विचार केला आहे. त्यांत पेगन धर्माचा मागमूस नाही, उलट ख्रिस्ती वळणाचीच साक्ष मिळते. मरे ह्यांचा सिद्धांत तर नॉर्मन कोन ह्यांनी १९७५ सालीच मोडीत काढला होता. आधुनिक विक्काची मुळे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील साहित्यात, गुप्त मंडळांत व लोकविद्येच्या अभ्यासात आहेत, हा हटन ह्यांचा निष्कर्ष आज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. मरे व गार्डनर ह्यांच्याविषयी व्हॅलिएंट ह्यांच्या मनात जिव्हाळा होता. तो त्यांच्या निर्णयावर कोठे कोठे सावली टाकतो, ही ह्या ग्रंथाची उणीव म्हणावी लागेल.

विशेष हे की, प्राचीनतेचा आधार गेल्यावरही पेगन समाज विस्कटला नाही. आपला धर्म जुना नसून नवा आहे, हे पुष्कळांनी मोकळेपणाने मान्य केले आणि सण, उपासना, निसर्गनिष्ठा पूर्ववत चालू ठेवली. एखाद्या आचाराची योग्यता त्याच्या वयावर अवलंबून नसते, हे त्यांनी आपल्या वर्तनाने दाखवले. ज्या देशात 'सनातन' हा शब्द उच्चारताच वाद संपला असे मानले जाते, तेथे ह्या धड्याचे मोल अधिक आहे.

तथापि 'आपला' ह्या शब्दाचा एक घातक अर्थही पेगन जगात शिरलेला आहे. उत्तर युरोपातील जुन्या देवतांची उपासना करणाऱ्यांपैकी काही जण हा मार्ग केवळ त्या वंशाच्या लोकांचाच आहे, असे मानतात. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेली 'आसात्रू फोक असेंब्ली' ही त्यांपैकी प्रमुख संस्था होय. ह्याविरुद्ध २०१६ साली अनेक देशांतील त्याच उपासनेच्या संस्थांनी 'डिक्लरेशन १२७' ह्या निवेदनावर सह्या करून तिच्याशी संबंध नाकारला. व्हॅलिएंट ह्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून असेही कळते की, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या काही काळ 'नॅशनल फ्रंट' ह्या वर्णद्वेषी पक्षाच्या सभासद होत्या व पुढे बाहेर पडल्या. गुरूची पोथी तपासणारी बुद्धी भूमी आणि वंश ह्यांच्या मोहापुढे काही काळ का थबकली, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही टाळू नये. मार्ग जन्मावर ठरू लागला की तो मार्ग राहत नाही, त्याची जात होते. हे १९५६च्या धम्मस्वीकाराचा वारसा सांगणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

आवडीच्या निकषाचे समर्थन करण्यासाठी पाश्चात्त्य लेखक कधी कधी कालामसुत्ताचाही हवाला देतात. स्वतःला पटेल ते घ्यावे, एवढाच त्या सुत्ताचा अर्थ असल्याची समजूत आपल्याकडेही आढळते. मूळ पाठ काळजीपूर्वक पाहावा. तेथे अनुस्सव, परम्परा, पिटकसम्पदान ही प्रमाणे जशी अपुरी ठरवली आहेत, तशीच 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति' म्हणजे विचारान्ती मनास मानवलेल्या मताविषयीची ओढही अपुरी ठरवली आहे. बाहेरच्या अधिकाराइतकीच आतली आवडही तपासणीखाली येते. त्यानंतर दोन कसोट्या दिल्या आहेत. एक, आचरणातून लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात. दुसरी, सुज्ञ जन त्याची निंदा करतात की प्रशंसा. पहिली कसोटी एकट्याने लावता येते, दुसरीला इतर माणसे लागतात.

ह्या दोन कसोट्यांपुढे कनिंगहॅम ह्यांचा ग्रंथ पहिल्या पायरीवर थांबतो. इजा करू नये हे तो शिकवतो, पण आपली इजा आपणास कोण दाखवणार, हे सांगत नाही. व्हॅलिएंट ह्यांचा ग्रंथ अधिक विस्कळीत, अधिक पक्षपाती, तरीही अधिक उपकारक आहे. कारण त्यात एक व्यक्ती आपल्या मार्गाशी, आपल्या गुरूशी आणि पुराव्याशी तीस-पस्तीस वर्षे वाद घालताना दिसते. तिने मार्ग सोडला नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य मिळवणे कठीण असते. निवडलेल्या धर्माला प्रश्न विचारत राहणे त्याहून कठीण असते. ह्या दुसऱ्या कामाची किंमत ज्यांना समजून घ्यावयाची आहे, त्यांनी 'द रिबर्थ ऑफ विचक्राफ्ट' अवश्य वाचावे, आणि ज्या कठोरपणे व्हॅलिएंट ह्यांनी गार्डनर ह्यांची पोथी वाचली, त्याच कठोरपणे वाचावे.