खोलीचा प्रश्न आणि बागुलांची कथा

बदलीच्या गावी उतरल्यावर पहिली विवंचना खोलीची, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा आरंभ याच विवंचनेतून होतो. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. नायक रेल्वेच्या नोकरीनिमित्त गुजरातेत उधना येथे येतो. जागेची बोलणी निघताच जातीची चौकशी होते. तो जात लपवितो. पुढे ती उघडकीस येते व त्यास मार खावा लागतो. कथानक एवढेच.

ही कथा आक्रस्ताळी आहे, असे म्हणणारे रसिक आम्हांस भेटले आहेत. आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हे. नायकाची काही भाषणे खरोखरच लांबली आहेत. परंतु आक्षेपकांचे लक्ष शेवटच्या मारहाणीकडे लागते आणि आरंभीची ती साधी चौकशी निसटते. आमच्या मते कथेतील खरे भय तेथे आहे. शीर्षकातील क्रियापदही पाहावे. ‘लपविली’ न म्हणता बागुल ‘चोरली’ म्हणतात. जी आपलीच, ती चोरावी कशी? हा शब्द मारणाऱ्यांच्या कोशातला आहे. त्यांच्या लेखी नायकाने त्यांची प्रतिष्ठा पळविलेली असते.

प्रसंग निव्वळ कल्पित नव्हे. बागुल स्वतः सुरतेकडे रेल्वेत नोकरीस होते आणि राहण्यासाठी जात लपवावी लागते म्हणून ती सोडून मुंबईस परतले. त्याआधी १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत गेलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले होते, आणि तेथूनही त्यांना हाकलण्यात आले.

बागुलांचा संग्रह आला तेव्हा १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आठ वर्षांचा झाला होता. (१९७६ साली त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले.) राहत्या जागेच्या बाबतीत अस्पृश्यतेवरून आडकाठी करणे हा त्यात अपराधच आहे. सरकारी क्वार्टरच्या यादीत पगार आणि ज्येष्ठता पाहतात. आम्हां कारकुनांस सामाजिक न्याय म्हणजे तेवढेच वाटू लागते. क्वार्टर मिळेपर्यंतचे दिवस मात्र भाड्याच्या खोलीत काढावयाचे असतात.

आमचीच एक आठवण आहे. उत्तरेतील एका शहरी घरमालकाने भाडे सांगण्यापूर्वी आमचे आडनाव विचारले, आणि मग, ‘म्हणजे कोण?’ आम्ही सांगितले. चहा आला, किल्ली मिळाली. परमुलखात मराठी माणसास केवढा मान, असे पत्र आम्ही घरी लिहिले! दोन महिन्यांनी आमच्याच शाखेतील एक मराठी सहकारी शेजारची खोली पाहावयास आला. त्यालाही तेच विचारले गेले. त्याने उत्तर दिल्यावर खोली आधीच दिली असल्याचे मालकास आठवले. ती खोली पावसाळाभर रिकामी होती. आम्ही काही विचारले नाही. बागुलांची कथा पुन्हा वाचताना ते पत्र आठवून शरम वाटली.

कथेत एक उणीव आम्हांस जाणवते ती याच ठिकाणी. मारणारे आणि धावून येऊन सोडविणारा काशीनाथ यांच्यावर लेखकाचा सारा प्रकाश आहे. सर्व ऐकूनही किल्ली खिशात ठेवणारा शेजारी त्या प्रकाशात फारसा येत नाही.