कोऱ्या जागेचे कष्ट

लॅरी आयग्नर (1927–1996) या अमेरिकन कवीला जन्मावेळच्या इजेमुळे सेरेब्रल पाल्सी झाली. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांच्या बळावर तो टाइपरायटर चालवी. त्याच्या तुटक, विखुरलेल्या ओळी म्हणजे श्रम वाचवण्याची सोय, असा तर्क सहज सुचतो. पण तो टिकत नाही. ओळ कागदावर उजवीकडे सरकवायलाही त्याच बोटांना राबावे लागे. तेव्हा ही कोरी जागा वाचवलेल्या कष्टांची नव्हे, खर्चलेल्या कष्टांची आहे. 2010 साली चार खंडांत आलेल्या समग्र कवितेत संपादकांनी टाइपरायटरची अंतरे जपली, हे म्हणूनच मोलाचे. 3,000हून अधिक कविता लिहिणाऱ्या या कवीचे अपंगत्व वगळून चालणार नाही. पण समीक्षेने त्याची कीव न करता ही अंतरे वाचावीत.