स्वप्नाचे स्वामित्व आणि पावशेर तूप

तुकोबांच्या गुरूपदेशाच्या अभंगात एक तपशील असा आहे, की भाविकांचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही आणि अभ्यासकही तो घाईने ओलांडून जातात. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, हे सर्वांना ठाऊक असते. राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी ही परंपरा ठाऊक असते; माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार हेही पाठ असते. परंतु या दोहोंच्या मध्ये गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा आपल्याला विसर पडला, असे तुकोबा नमूद करतात. पुढे गुरू त्वरेने निघून गेले. काही अंतराय उपजला म्हणून ही त्वरा झाली असेल काय, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. आयुष्यातील सर्वांत मोठ्या स्वप्नात माणूस एक साधी मागणी विसरला आणि जागेपणी त्याने ती चूक अभंगात नोंदवून ठेवली.

या विसराकडे लक्ष वेधण्यास कारण आहे. स्वप्न पाहत असतानाच 'हे स्वप्न आहे' अशी जाणीव जागी ठेवावी आणि मग ते आपल्या इच्छेप्रमाणे चालवावे, या विद्येचे आकर्षण अलीकडे फार वाढले आहे. तिला 'ल्युसिड ड्रीम' हे नाव रूढ केले ते फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच लेखकाने, १९१३ साली. आपण तिला सजग स्वप्न म्हणू. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी, झोपलेला माणूस आधी ठरवलेल्या पद्धतीने डोळ्यांच्या हालचाली करून स्वप्नातून खूण देऊ शकतो, हे यंत्रांच्या साहाय्याने दाखवून दिले. तेव्हापासून ही केवळ कविकल्पना राहिलेली नाही.

या विद्येची एक वाट मात्र भीतीच्या दारातून जाते. पाच-सहा तास झोप झाली की गजर लावून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, मग उताणे निश्चल पडून शरीराला झोपू द्यायचे आणि मनाला झोपू द्यायचे नाही. स्वप्ने पडतात त्या निद्रेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. नाहीतर आपण प्रत्येक स्वप्न अंथरुणातच वठवू लागलो असतो. हा बंध सुटण्यापूर्वीच जाणीव जागी झाली, तर डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोटही हलत नाही. छातीवर दाब येतो आणि कोपऱ्यात कोणी उभे असल्याचा भास होतो. ही अवस्था म्हणजे निद्रास्तंभ. तिला मुद्दाम बोलवावे, तीत न घाबरता पडून राहावे आणि पलीकडच्या स्वप्नात जागेपणीच उतरावे, अशी ही रीत आहे.

हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. छातीवर कोणी बसले, गळा दाबला, ओरडता येईना, हे सांगणारी माणसे प्रत्येक पिढीत होती. त्यावर उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवणे, मारुतीचे स्तोत्र म्हणणे हे उपायही होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ७.६ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. झोपेची वेळ मोडणाऱ्यांना तो अधिक येतो. उद्यमबागेतील फाउंड्रीत पाळी बदलून रात्रीचे काम करणाऱ्याकडे तो न बोलावता येऊ शकतो. त्याला त्याचे कौतुक असण्याचे कारण नाही.

आता प्रश्न वाङ्मयाचा. तुकोबांनी स्वप्नात उपदेश घेतला, तेव्हा आमचे संत या विद्येत आधीच पारंगत होते, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. त्याला अनुकूल पुरावाही आहे. दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात नामदेवांनी पांडुरंगासह येऊन आपल्याला स्वप्नातच जागे केले, असे तुकोबा सांगतात. स्वप्नात जागे होणे! सजग स्वप्नाची याहून नेमकी व्याख्या कोणती? मला मात्र हा मोह वाचनाची हानी करणारा वाटतो. तेथे जागे होणारा स्वतः जागा झालेला नाही. विठ्ठलाने थापटून त्याला सावध केले आहे. आणि जागे करून त्याला दिले काय? काम. कवित्व कर, व्यर्थ बोलू नकोस, शतकोटींची संख्या नामदेवांकडून पुरी व्हायची राहिली आहे, ती तू पुरी कर. सजग स्वप्नाचा साधक आकाशात उडण्याची मुभा मागतो, तर येथे थकलेल्या हिशेबाची बाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढते. वाण्याच्या घरात जन्मलेल्या कवीला हे रूपक सुचावे, यात नवल नाही.

म्हणूनच पावशेर तुपाचा विसर मला मोलाचा वाटतो. ज्याचे स्वप्न त्याच्या ताब्यात आहे, तो विसरत नाही. विसरला तरी तूप निर्माण करून वाढू शकतो. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्न पाहणारा रथ, घोडे आणि रस्ते स्वतःच रचतो असे म्हटले आहे, त्या अर्थाने प्रत्येक स्वप्नकर्ता सर्वसमर्थ आहे. तुकोबांना हे सामर्थ्य नको होते असे नव्हे. अभंगाच्या रचनेत त्याला जागाच नाही. गुरू आले ते आपल्या इच्छेने आणि गेलेही आपल्या इच्छेने. तुपाची उणीव तेवढी शिष्याची. ती वगळली तर मागे उरतो तो केवळ एक चमत्कार, आणि तशा चमत्कारांची आपल्या चरित्रग्रंथांत मुळीच वाण नाही.

निद्रास्तंभाच्या बाजूने पाहायचे तर आपल्या टापूत एकसंबे येथे १९२३ साली जन्मलेल्या आणि बेळगावात शिकलेल्या जी. ए. कुलकर्णींकडे वळावे लागते. 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'स्वामी' ही कथा वाचकांना आठवत असेल. प्रवासात अडकलेला एक माणूस महंताच्या आतिथ्याला भुलून मठात येतो आणि भूमिगत खोलीत कायमचा बंद होतो. सुखसोयी आहेत, मान आहे; बाहेर पडणे तेवढे नाही. यापुढे तोच तेथला स्वामी. कथेत झोपेचा हा विकार कोठेही नाही आणि जी. एं.च्या मनात तो होता असा माझा दावा नाही. परंतु लख्ख जागे मन आणि हलू न शकणारा देह ही स्थिती इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणा मराठी लेखकाने वाचकाच्या अंगावर आणलेली मला ठाऊक नाही. त्यातच शीर्षकाचा उपरोध! सजग स्वप्नाचे प्रलोभन स्वामित्वाचेच असते: तू तुझ्या सृष्टीचा धनी होशील. जी. ए. ते शब्दशः देऊन टाकतात आणि दार बाहेरून लावून घेतात. अखेरीस त्या माणसाचे सारे चित्त उजेडाकडे जाऊ पाहणाऱ्या एका वेलीवर स्थिरावते. या शेवटाला मुक्ती म्हणावे की शरणागती, यावर मतभेद संभवतात. त्याला विजय मात्र म्हणता येणार नाही.

तरीही जी. एं.ची कोठडी कल्पनेतली होती. संत बहिणाबाईंची तशी नव्हती. शिऊरच्या या कवयित्रीला तुकोबांचा उपदेश झाला तो कोल्हापुरात, म्हणजे निपाणीहून एका मजलेच्या अंतरावर, तोही स्वप्नात. तिथी-वार त्यांनीही तुकोबांप्रमाणेच दिला आहे: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. या अभंगांत स्वप्नापूर्वीच्या घटना क्रमाने येतात. जयरामस्वामींच्या कीर्तनाला वासरासह जाणारी ही कोवळ्या वयाची मुलगी, तिच्या नावाचा गावभर झालेला बोभाटा, संतापलेल्या नवऱ्याने केलेली मारहाण आणि तिला बांधून टाकणे. मग वासराचा मृत्यू, आणि शुद्ध हरपून ती निश्चेष्ट पडून राहणे. त्यानंतर ते स्वप्न.

या क्रमाकडे डोळेझाक करून, देह निश्चल आणि मन सजग, म्हणजे तीच साधना, असे कोणी म्हटले तर ते वाचन उथळच नव्हे, निर्दय होईल. येथला देह प्रथम दोरीने निश्चल झाला आहे. ती दोरी कोणी बांधली, हे कवयित्रीने लपवलेले नाही. भक्तिभावाने वाचणारे मारहाणीला कसोटी मानून पुढे जातात, वैद्यकदृष्टीने वाचणारे तिला रोगाचे निमित्त मानतात. दोघांच्याही हातून तो प्रसंग निसटतो. पहाटेचा गजर लावून, स्वतःच्या खोलीत, दाराला आतून कडी घालून घेतलेली असहायता आणि ही असहायता यांना एकच नाव देता येत नाही. पहिली केव्हाही संपवता येते, निदान तसे आश्वासन तरी असते.

साधनमार्गाला मी सरसकट नावे ठेवीत नाही. पतंजलींनी स्वप्न व निद्रा यांतील ज्ञान हे चित्ताचे एक आलंबन मानले आहे आणि तिबेटी बौद्धांत स्वप्नयोगाची शिस्तबद्ध परंपरा आहे. तेथे गुरू आणि दीर्घ पूर्वतयारी गृहीत असते. मोडलेली झोप आणि बोलावून आणलेली भीती एवढ्यावर ती इमारत उभी राहत नाही. मुळातच भयाने किंवा झोपेच्या विकाराने ग्रासलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. बृहदारण्यकातच, गाढ झोपलेल्याला एकदम उठवू नये, आत्मा नीट परतला नाही तर उपचार कठीण होतो, असे लोक म्हणतात, अशी नोंद आहे. आपल्या आज्याही निजलेल्याला दचकवून उठवू देत नसत.

बहिणाबाईंचे स्वप्न अंथरुणात संपले नाही. कुटुंब देहूला गेले आणि स्वप्नात पाहिलेली मूर्ती त्यांनी विठ्ठलमंदिरात उघड्या डोळ्यांनी पाहिली. तेथे मंबाजीने, माझी शिष्या हो, असा आग्रह धरला. गुरू स्वप्नातच लाभला आहे, या उत्तराने तो चिडला आणि त्याने त्यांची गाय नेऊन बांधून मारली. बहिणाबाई सांगतात, ती गाय धावा करीत तुकोबांच्या स्वप्नात आली, आणि ते जागे झाले तेव्हा फटक्यांचे वळ त्यांच्या पाठीवर उठलेले होते.