उपमालिका, मूळ कथाविश्व आणि बालवाचकाची भाषा

दीर्घकाळ चालत आलेल्या विज्ञानकथा-मालिकांपुढे नव्या पिढीच्या प्रवेशाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. अशी मालिका ही एकच एक संहिता नसते. अनेक चित्रपट, दूरदर्शन-मालिका, कादंबऱ्या यांतून विस्तारत गेलेले ते एक कथाविश्व असते. त्याचे संकेत, इतिहास आणि परिभाषा जुन्या रसिकाला अवगत असतात, परंतु तीच समृद्धी नवख्या मुलाला परकी वाटते. यावर योजला जाणारा उपाय म्हणजे मुलांसाठी काढलेली अॅनिमेशन-उपमालिका. ही उपमालिका मुलांना मूळ विश्वात खरोखर आणते काय, याचे उत्तर तिच्या लोकप्रियतेत शोधण्यापेक्षा तिच्या रूपबंधात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका 1966 ते 1969 या काळात चालली. 1973-74 मध्ये तिची 22 भागांची अॅनिमेटेड आवृत्ती शनिवारी सकाळी, म्हणजे मुलांच्या वेळेत, प्रसारित झाली. तथापि यान तेच, पात्रे तीच आणि बहुतेक आवाजही मूळ नटांचेच होते. ही आवृत्ती जुन्या प्रेक्षकाची ओळख गृहीत धरते. वेळ मुलांची असली तरी संबोधन मुलाला नाही. तिला मूळ मालिकेचा उत्तरार्ध म्हणता येईल, प्रवेशद्वार म्हणता येणार नाही.

याउलट 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : प्रॉडिजी’ची रचना पाहावी. तिच्यातील मुलांना मूळ विश्वाविषयी काहीही ठाऊक नसते. एक बेवारस यान त्यांच्या हाती लागते आणि जुन्या मालिकेतील कॅप्टन जेनवेची प्रकाशप्रतिमा त्यांना मार्ग दाखवते. पात्राचे अज्ञान आणि बालप्रेक्षकाचे अज्ञान येथे एकरूप होतात. माहिती देणे हेच कथानक बनते. ‘स्टार वॉर्स’च्या ‘द क्लोन वॉर्स’ने (2008 ते 2020) निराळा मार्ग धरला. अहसोका ही किशोरवयीन शिष्या तिने निर्माण केली आणि प्रेक्षकाबरोबर तिला वाढू दिले. पुढे 2020 मध्ये हे पात्र अॅनिमेशनमधून जिवंत अभिनयात गेले आणि 2023 मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका आली. म्हणजे मूल मूळ विश्वाकडे गेले एवढेच नव्हे, तर मूळ विश्वही मुलाच्या दिशेने सरकले.

यावरून दोन अटी स्पष्ट होतात. उपमालिका स्वयंपूर्ण असली पाहिजे, आणि तिच्यापलीकडे मुलाला जाता येईल असे काही अस्तित्वात असले पाहिजे. पहिली अट कलेची आहे, दुसरी संस्कृतीची.

या अटी मराठीला लावून पाहता चित्र विषम दिसते. पहिल्या अटीची जाण मराठीत जुनी आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या, तेव्हा मोठ्यांच्या विज्ञानकथेकडे नेणारे एक दारच त्यांनी बांधले. त्यांचा ‘फास्टर फेणे’ हा विज्ञानकथेचा नायक नव्हे. पण दीर्घ मालिकेचा आणि तिच्या पडद्यावरील रूपांतरांचा तो मराठीतील जवळचा दाखला आहे. 2017 च्या चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण आहे आणि खुद्द भागवत त्यात एक पात्र म्हणून येतात. हा चित्रपट पूर्वीच्या वाचकाच्या स्मृतीला साद घालतो. नव्या बालवाचकाला पुस्तकाकडे नेणे हे त्याचे प्रधान प्रयोजन दिसत नाही.

जयंत नारळीकरांची वाट वेगळी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी टोपणनावाने पाठवली, तेथून मराठी विज्ञानकथेला नवी प्रतिष्ठा लाभली. परंतु त्यांची बहुतेक कथा सुटी आहे. तिचा नायक वैज्ञानिक तत्त्व असतो, परतून येणारे पात्र नव्हे. वाचक लेखकाशी बांधला जातो, कथाविश्वाशी नव्हे. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेवर चित्रपट निघाला, तोही हिंदीत. मराठीत घर आहे. दार मात्र दुसऱ्याच भाषेच्या अंगणात उघडले.

मराठी मुलखाच्या पूर्व सीमेवर, गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या तालुक्यात या विषमतेला आणखी एक पदर मिळतो. तेथील अनेक मुलांच्या घरची भाषा गोंडी, शाळेची मराठी आणि कार्टूनची हिंदी. बाविसाव्या शतकातून आलेला ‘डोरेमॉन’ हा यंत्रमांजर 2005 पासून भारतीय मुलांशी बोलतो तो प्रामुख्याने हिंदीतूनच. भविष्यकाळाची पहिली कल्पना मुलाला अशा भाषेत मिळते, जी ना आईची ना पाठ्यपुस्तकाची. पाहणे आणि वाचणे यांच्यामध्ये येथे पूलच नाही. आकर्षण निर्माण होते, पण ते जेथल्या तेथे विरते. याच तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती घटना या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज्ञान आपल्या भाषेतून यावे ही ती मागणी आहे. कल्पित भविष्यही आपल्या भाषेतून यावे, ही तिचीच पुढची पायरी होय.

यावर असा आक्षेप संभवतो, की मूल चित्र पाहते, भाषा पाहत नाही. हे पाहण्यापुरते खरे आहे. परंतु प्रस्तुत प्रश्न पाहण्याचा नसून पुढे जाण्याचा आहे. ‘प्रॉडिजी’ पाहणाऱ्या इंग्रजीभाषक मुलाला त्याच भाषेत साठ वर्षांचे संचित उपलब्ध आहे. धानोऱ्यातील मुलापुढे त्याच्या भाषेत तसे काही नाही.

तेव्हा अॅनिमेशन-उपमालिका मुलांना मोठ्या कथाविश्वात आणू शकते, हे मान्य करावे लागते. मात्र ती विश्व निर्माण करीत नाही, केवळ त्याचा उंबरठा खाली आणते. मराठी समीक्षेने बालसाहित्य आणि विज्ञानसाहित्य यांचा विचार वेगवेगळ्या दालनांत केला, त्यामुळे उंबरठ्याचा प्रश्न तिच्यापुढे आलाच नाही. पडद्यावर काय दाखवावे, यापूर्वी पडदा मिटल्यावर मुलाच्या हाती कोणत्या भाषेतील कोणते पुस्तक येणार, हे ठरवावे लागेल.