शंभर दिवसांचे स्पर्धक, हजार भागांची पात्रं

अपूर्वा नेमळेकर यांची तीन कामं शेजारी शेजारी ठेवली की मराठी टीव्हीची कुंडली मांडायला दुसरं काही लागत नाही. २०१९ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात त्या शेवंता झाल्या. २०२२ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या चौथ्या पर्वात स्वतःच्या नावानं घरात शिरल्या आणि अक्षय केळकरच्या मागोमाग उपविजेत्या ठरल्या. २०२३ मध्ये ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये सावनी झाल्या. शेवंता घराघरांत पोचली. स्पर्धक अपूर्वावरून लोक एकमेकांशी तावातावानं भांडले. सावनी मात्र रोज नवा कट रचायची आणि काल रचलेला कट कुणाला आठवायचा नाही. अभिनेत्री एकच, ताकदही तीच. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते फरक पडला तो शेवटानं. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणानं झाली होती. त्यामुळे दुसरं पर्व जेव्हा मागच्या काळात गेलं, तेव्हा अण्णा जाणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. लेखकाच्या हातात दोर होता आणि त्याचं दुसरं टोक खुंटीला बांधलेलं होतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, माधव अभ्यंकरांचा अण्णा, गप्प राहून सगळं सांगणारी त्याची बायको, शकुंतला नरे यांची माई, आणि या सगळ्यांच्या मध्ये आपली जागा शोधणारी शेवंता. तिला नेमकं काय हवं होतं ते पहिल्या आठवड्यात कळलं: अण्णा हवा होता, आणि अण्णाच्या जोडीनं मिळणारा मानही हवा होता. अण्णा तिला मिळाला, मान मिळाला नाही. एवढ्या एका हव्यासावर ती उभी राहिली. शिवाय मालिकेच्या लेखकांपैकी एक, प्रल्हाद कुडतरकर, पांडू या पात्राच्या वेशात रोज कॅमेऱ्यासमोर होते, त्यामुळे तिथली मालवणी ऐकताना ती शहरातून लिहून पाठवल्यासारखी वाटली नाही. तिसऱ्या पर्वात मेलेली माणसं भुतं होऊन परतली आणि खुंटी सुटली. शेवंताच्या भूमिकेत पुढे दुसरी अभिनेत्री आली, पण खरा तोटा त्याआधीच झाला होता. जे पात्र मरून पुन्हा येऊ शकतं, त्याच्याबद्दल काळजी वाटायची कशी?

मालिकेचं पात्र कसं झिजतं हे बघायला ‘आई कुठे काय करते’ इतकं चांगलं उदाहरण नाही. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं ती स्टार प्रवाहवर चालली. मूळ कथा बंगाली, ‘श्रीमोयी’ची. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती सुरुवातीला विलक्षण खरी होती. नवरा दुसऱ्या बाईत गुंतलाय हे कळल्यावरही सकाळी सगळ्यांचे डबे भरून देणारी बाई आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते. घटस्फोटाच्या वेळी तिच्यात जो कणखरपणा आला तो मधुराणी यांनी आवाज न चढवता दाखवला, आणि मराठी मालिकेत आवाज न चढवणं हीच एक कामगिरी आहे. मालिका तिथे संपली असती तर अरुंधती आपल्या टीव्हीच्या इतिहासातलं एक ठसठशीत पात्र म्हणून राहिली असती. पण टीआरपीचा आकडा उत्तम होता. मग अरुंधतीच्या आयुष्यात आशुतोष आला, त्यांचं लग्न झालं, मुलांचे संसार मोडले, जुळले, आशुतोषला अपघातात मारलं, आणि कथा पुन्हा तिच्या आधीच्या सासरच्या, देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याभोवतीच घोटाळत राहिली. अरुंधती निर्णय घेणारी बाई होती. शेवटी ती दुसऱ्यांच्या घोळांवर समजूतदार भाषणं देणारी बाई झाली.

त्याच मालिकेतल्या संजनाबद्दल मला जास्त हळहळ वाटते. रूपाली भोसले यांच्याकडे ती भूमिका आली तेव्हा ती नोकरी करणारी, स्वतःच्या हिमतीवर वाढलेली, चुकीच्या माणसावर प्रेम करणारी बाई होती. अरुंधतीच्या आधीच्या नवऱ्याची, अनिरुद्धची बायको होऊन ती घरात आली आणि तिचं ऑफिस गायब झालं. उरलं काय, तर जिन्यावर उभं राहून ऐकणं आणि सासूला टोमणे मारणं. मराठी मालिकेत बाईनं उंबरठा ओलांडला की तिचा व्यवसाय चपलांबरोबर बाहेर राहतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकाचं याच्या उलट झालं. नागपूरची, वऱ्हाडी ठसक्यात बोलणारी राधिका मसाल्यांचा धंदा उभा करते हा भाग झकास होता. मग तो धंदा इतक्या वेगानं वाढवला की ती उद्योगपती झाली तरी तिच्या हिशेबाची एक वही आपल्याला दिसली नाही. अनिता दाते यांनी ठसका शेवटपर्यंत सांभाळला, म्हणून ते निभावलं.

हे सगळं होतं कसं, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. दर गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की कथेचा ‘ट्रॅक’ बदलतो. आकडा वाढला की तोच ट्रॅक ताणतात. हातात आधीच चित्रित केलेल्या भागांची ‘बँक’ नसते, संवाद कधीकधी सेटवरच येतात. बावीस मिनिटांच्या भागात एक धक्का हवाच, म्हणून चहाचा कप पडतो, तो तीन बाजूंनी दाखवतात, आणि घरातले आठ चेहरे एकेक करून दचकतात. आठ चेहऱ्यांचं दचकणं म्हणजे दीड मिनिट गेलं. शेवट ठरलेला नाही, म्हणून पात्रात बदल घडवायचीही सोय नाही. उद्या तीच सासू पुन्हा वाईट लागणार आहे, तर आज तिला पश्चात्ताप द्यायचा कशाला?

आता स्पर्धकांकडे बघा. ‘बिग बॉस मराठी’चं घर २०१८ मध्ये सुरू झालं, तेव्हा मेघा धाडे जिंकल्या. त्यांचं यश मला मालिकेच्या भाषेत समजावून घ्यावंसं वाटतं. आपल्याला काय हवंय हे त्या पहिल्या दिवसापासून बोलून दाखवत होत्या: जिंकायचंय. त्यासाठी आखणी करत होत्या, माणसं जोडत होत्या, तोडत होत्या, रडत होत्या आणि पुन्हा उभ्या राहत होत्या. लेखकानं पात्रासाठी जे करायचं ते त्या स्वतःच करत होत्या. मुख्य म्हणजे खेळ साधारण शंभर दिवसांत संपणार होता, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक चालीला वजन होतं.

याच घरातून गेलेल्या दोन नावांची गंमत आहे. जुई गडकरी पहिल्या पर्वात होत्या, रूपाली भोसले दुसऱ्या. दोघीही अंतिम फेरीपर्यंत पोचल्या नाहीत. पुढे एक ‘ठरलं तर मग’ची सायली होऊन वर्षानुवर्षं टीआरपीच्या शिखरावर राहिली, दुसरी संजना झाली. घराला जे हवं असतं ते मालिकेला नको असतं. घराला तोंडाळ माणूस लागतो, मालिकेला सोसणारी नायिका. सायली सोसते, सगळ्यांचं भलं चिंतते, आणि प्रेक्षक तिच्यावर लोभ करतो. मला मात्र तिच्यात कधी एखादा वाईट विचार आलेला बघायचाय. एकदाच.

रितेश देशमुखांनी सूत्रं घेतलेलं ‘बिग बॉस मराठी’चं २०२४ चं पाचवं पर्व या संपूर्ण चर्चेचं सार आहे. अंतिम दोघांत एका बाजूला अभिजीत सावंत, २००५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता, म्हणजे या देशातल्या मतदानावर चालणाऱ्या स्पर्धांचा पहिला मोठा चेहरा. दुसऱ्या बाजूला बारामतीकडच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, मोबाइलवरच्या चित्रफितींतून पुढे आलेला. अभिजीत समंजस, मोजकं बोलणारा, घरातला सर्वांत सभ्य माणूस. सूरज जिंकला. तो सहानुभूतीवर जिंकला अशी टीका झाली, आणि ती अर्धी खरी आहे. कित्येक आठवडे तो खेळात फारसा दिसलाच नाही. पण तो बोलायला लागला की त्याच्या तोंडची भाषा दुसऱ्या कुणाची नव्हती. इचलकरंजीचे धनंजय पोवार, कोकणातली अंकिता वालावलकर आणि सूरज हे एका ओट्याशी बसले की एकाच खोलीत तीन मराठी ऐकू यायच्या. त्याच वर्षी मालिकांतल्या कुटुंबांत मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच छापाचं मराठी बोलत होते. ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये शुभांगी गोखले यांच्या इंद्रानं कोळी बोली आणली खरी, पण पटकथेनं ती विनोदापुरती ठेवली, गंभीर प्रसंग आला की बोली बाजूला.

त्याच पर्वात वर्षा उसगांवकर होत्या. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये त्या शिर्के-पाटलांच्या माई होत्या: भरजरी, शांत, सर्वांना सांभाळून घेणारी. घरात निक्की तांबोळी त्यांच्याशी उर्मटपणे बोलली तेव्हा महाराष्ट्र चिडला, आणि चिडताना तो गोव्याच्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीसाठी चिडला की माईंसाठी, हे सांगणं अवघड आहे. मला निक्कीचं वागणं आवडलं नाही. पण तिच्याशिवाय ते पर्व उभं राहिलं नसतं, हेही मान्य करायला हवं. आठवडाभर चाललेल्या भांडणांचा न्याय शनिवार-रविवारी ‘भाऊच्या धक्क्या’वर होई. आधीचे सूत्रसंचालक महेश मांजरेकर यांच्या काळात त्याला ‘चावडी’ म्हणत. नावं झकास आहेत, आणि कामही गावच्या चावडीचंच: कोण चांगला, कोण वाईट, ते पंच ठरवणार आणि गाव मान डोलावणार. इथे संकलकाची कात्री लेखकाचं काम करते हे प्रेक्षकानं विसरू नये. चोवीस तासांतून उरलेल्या तासाभरात जो माणूस दिसतो, तो पुष्कळ अंशी रचलेला असतो.

अशी रचना सर्वांत प्रेमानं झाली ती झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये, २००८-०९ च्या सुमारास. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. पल्लवी जोशींचं निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. मुग्धा ‘मॉनिटर’ झाली, प्रथमेश ‘मोदक’ झाला, रोहित ‘रॉकस्टार’. एकेका शब्दात पात्र उभं. पण त्या शब्दामागे गाणं होतं, आणि गाण्यालाच गुण मिळत होते, तेही सुरांच्या नावानं. ‘वरचा सा’ मिळाला की घरातली म्हातारी माणसंही टाळ्या वाजवायची. कार्तिकी जिंकली, आणि आर्याच जिंकायला हवी होती असं म्हणणारी घरं अजून आहेत. हेच पाच जण २०२१ च्या पर्वात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले. आजच्या गाण्याच्या स्पर्धांत गाण्याआधी ‘एव्ही’, म्हणजे स्पर्धकाच्या ओळखीची चित्रफीत, येते: पत्र्याचं घर, आईचे हात, वडिलांच्या कर्जाचा आकडा, मागे बासरी. गाणं सुरू होतं तेव्हा परीक्षकांचे डोळे आधीच ओले. त्या मुलाचा षड्ज लागला की नाही, हे विचारणं मग क्रूर वाटतं. गरिबी दाखवू नये असं मी म्हणत नाही. ती गुणपत्रिकेत धरू नये.

स्पर्धक फार वेळ स्पर्धकच राहिला तर त्याचंही मालिकेसारखं होतं. अमरावतीचा शिव ठाकरे ‘रोडीज’मधून आला, २०१९ मध्ये मराठी बिग बॉस जिंकला, २०२३ मध्ये हिंदीत उपविजेता झाला, मग ‘खतरों के खिलाडी’, मग ‘झलक दिखला जा’. माणूस दिलदार, मेहनती. पण मैत्री, निष्ठा, आपला माणूस, हे त्याचं सूत्र आता पाठ झालंय. सूरजचे घरात गाजलेले बोल घेऊन २०२५ मध्ये ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट आला, तेव्हाही तेच दिसलं. घरात जे उत्स्फूर्त होतं ते पटकथेत पालुपद झालं.

मालिकांकडे परत येताना, शेवट लांबवला की काय होतं यासाठी ‘देवमाणूस’चा उल्लेख करायलाच हवा. खोटा डॉक्टर होऊन गावात वावरणारा खुनी नायकाच्या जागी बसवणं हे २०२० मध्ये धाडसाचं होतं, आणि किरण गायकवाड यांनी त्याला गोड, नम्र, पाया पडणारा केला म्हणून तो जास्त भीतिदायक झाला. पण तो पकडला जाणार की नाही या प्रश्नावर उभी असलेली कथा दुसऱ्या पर्वाची सोय बघायला लागली आणि भीती ओसरली. याउलट ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमातली नम्रता संभेराव यांची लॉली आठवा. दहा-बारा मिनिटांत ती येते, बोलते, जाते. पुढच्या वेळी आली तर नव्यानं येते. कार्यक्रमाचे कर्ते सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांना प्रवेश कुठे संपवायचा ते कळतं.

मराठीत मालिका वेळेवर संपवणं पूर्वी जमलेलं आहे. २०१२ ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आणि २०१५ ची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या दोन्ही वर्षभराच्या आत आटोपल्या, आणि दोन्हींतली माणसं अजून नावानिशी आठवतात. म्हणून वाहिन्यांना माझी एकच मागणी आहे. येत्या वर्षात एका तरी मालिकेच्या पहिल्या प्रोमोत तिच्या भागांची संख्या जाहीर करा. दीडशे म्हणा, दोनशे म्हणा. आणि त्या भागाला ती बंद करा, त्या आठवड्याचा टीआरपी कितीही असला तरी.