सरहद्द आणि उंबरठा : ‘यमुनापर्यटन’च्या रूपबंधाविषयी

मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळात तीन प्रवृत्ती दिसतात, असे भालचंद्र नेमाडे यांनी दाखवून दिले आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) वास्तवाभिमुख प्रवृत्तीचा आरंभ केला, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) कल्पनारम्य प्रवृत्तीचा, तर रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) ऐतिहासिक प्रवृत्तीचा. या वर्गीकरणाचा सहसा न विचारला जाणारा एक उपप्रश्न आहे. ख्रिस्ती श्रद्धा, प्रणय आणि इतिहास ही तीन सूत्रे मराठीत तीन वेगळ्या संहितांत का विभागली गेली? इंग्रजीत ती एकाच लोकप्रिय कथाप्रकारात सुखाने नांदतात. हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. तो कथेला उपलब्ध असलेल्या भूमीचा आहे.

जॅनेट ओक या कॅनडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) ही कादंबरी या कथाप्रकाराचा ठळक नमुना होय. पश्चिमेकडील नव्या वसाहतीच्या वाटेवर मार्टी या तरुण गर्भवतीचा पती अपघातात मरतो. क्लार्क हा विधुर आपल्या लहान मुलीला आई हवी म्हणून तिच्यापुढे नावापुरत्या विवाहाचा प्रस्ताव ठेवतो आणि निराधार मार्टी तो स्वीकारते. प्रेम आणि श्रद्धा दोन्ही पुढे हळूहळू येतात. येथे विधवेचा पुनर्विवाह ही समस्याच नाही; तो कथानकाचा प्रारंभबिंदू आहे. हे शक्य होते ते सरहद्दीमुळे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सरहद्द म्हणजे मोकळ्या जमिनीची, सतत पुढे सरकणारी कड. मोकळ्या जमिनीवर सासर नाही, भाऊबंद नाहीत, जातपंचायत नाही. अर्थात, ती मोकळी मानण्यासाठी तिच्या मूळ रहिवाशांना नजरेआड करावे लागते. या कथाप्रकाराची निरागसता त्या विस्मरणावर उभी असते.

‘यमुनापर्यटन’मध्येही पतीचा मृत्यू आहे, श्रद्धेचा स्वीकार आहे, पुनर्विवाह आहे. घटनांची यादी जवळजवळ तीच. परंतु क्रम आणि मोल निराळे. यमुना व विनायक हे दांपत्य प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते. पुढे विनायक मरण पावतो, केशवपनाचे संकट यमुनेवर येते, आणि अखेरीस ख्रिस्ती झाल्यावर तिचा पुनर्विवाह होतो. मार्टीला जे पहिल्याच प्रकरणांत मिळते, ते यमुनेला धर्मांतराचा उंबरठा ओलांडल्यावर मिळते. मराठी संहितेत सरहद्द भूगोलात नाही. ती घराच्या दाराशी आहे.

या प्रदेशात मोकळी भूमी कल्पिता येत नव्हती, हे वाशीमच्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले. राजकीय अर्थाने तो सीमाप्रदेशच. पण वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, पद्मतीर्थाचे आणि बालाजीचे गाव. येथील प्रत्येक पाणवठ्याला नाव आहे, प्रत्येक नावाला कथा आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तील काव्यपुरुषाचे पर्यटनही येथेच संपते. सरस्वतीचा हा पुत्र घर सोडून निघतो, गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते, आणि विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. पर्यटन आणि विवाह ही जोडणी म्हणजे मिशनऱ्यांकडून आलेली उसनी चौकट नव्हे. तिची एक जुनी भारतीय परंपरा आहे. त्या परंपरेतला प्रवास वस्तीतून वस्तीत होतो. प्रत्येक देश आपला वेष आणि आपली रीती देतो. पदमनजींच्या कथेत प्रत्येक मुक्काम एकेका विधवेची कहाणी देतो. काव्यपुरुषाच्या वाटेवर सौंदर्य साठत जाते, यमुनेच्या वाटेवर साक्ष.

म्हणून ‘यमुनापर्यटन’ला केवळ प्रचारकथा म्हणून बाजूला सारणे अपुरे ठरते. माजघरात कोंडलेला आवाज कथेत आणण्यासाठी निवेदनाला माजघराबाहेर पडावे लागले, आणि प्रवासाच्या रूपबंधाने ती सोय केली. प्रचाराचा भार जाणवतो तो शेवटात. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरवला होता. मात्र त्याच कायद्यानुसार पुनर्विवाहानंतर पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपत होता. कायद्याने उघडलेली वाट समाजात चालता येण्याजोगी आहे का, हा कादंबरीपुढचा खरा प्रश्न होता. नायिकेला दुसऱ्या समाजात नेऊन पदमनजींनी तो ओलांडला, सोडवला नाही. वाटेवर ऐकलेल्या अनेकींच्या दुःखाला एकीचा विवाह हे उत्तर होऊ शकत नाही. साक्ष सामूहिक, सुटका व्यक्तिगत, अशी ही फट आहे.

तरीही ही फट दडपलेली नाही, हे या कादंबरीचे श्रेय. सरहद्दीवरील प्रणयकथेत सुटकेची किंमत कथेबाहेरच्या कोणी तरी आधीच मोजलेली असते. येथे ती नायिकाच मोजते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या सुमारास ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिताना आपल्या नायिकेचे नाव यमुनाच ठेवले. तिला केशवपन टळत नाही आणि दुसरा समाजही मिळत नाही. योजनापूर्वक असो वा नसो, हे नामसाम्य वाचकाला मागे पाहायला लावते. आपट्यांनी पदमनजींचा प्रश्न घेतला आणि पळवाट नाकारली. मराठी वास्तववादाची प्रौढता त्या नकारात आहे. परंतु नाकारण्याजोगा शेवट आधी कोणीतरी लिहून ठेवला होता, याची नोंद वाङ्मयेतिहासाने अधिक न्यायबुद्धीने घ्यायला हवी.