'समूह' ह्या संज्ञेविषयी

लिनक्समध्ये अनेक डिस्क एकत्र करून त्यांतून हवे तसे भाग पाडण्याची आज्ञापद्धती हाइन्त्स माउएल्सहागेन ह्यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्सच्या धर्तीवर रचली. तिची परिभाषा चिकित्सेस पात्र आहे. 'पीव्हीक्रिएट' डिस्क सिद्ध करते, 'व्हीजीक्रिएट' तिचा व्हॉल्यूम ग्रूप बांधते, 'एलव्हीक्रिएट' त्यातून वापरावयाचा व्हॉल्यूम काढते. कर्म आधी, क्रियापद नंतर, हा क्रम मराठी वाक्याचाच होय. आयबीएमच्या एआयएक्समधील 'एमकेव्हीजी'त तो उलट आहे. पहिली रचना अधिक सुबोध, हे मान्य केले पाहिजे.

दोष आहे तो 'ग्रूप' ह्या शब्दात. त्याचा 'समूह' असा अनुवाद केला की परस्पराधार ध्वनित होतो. तो येथे नाही. रायगडच्या किनाऱ्यावर खारभूमीचा बांध एके ठिकाणी फुटला, तरी खारे पाणी बांधाआडच्या इतर शेतांतही शिरते. तद्वत एक डिस्क निकामी झाली, की तिच्यावर अंश असलेला, प्रतिरूप नसलेला प्रत्येक व्हॉल्यूम बाधित होतो. प्रतिरूप हवे तर 'रेड१' हा प्रकार स्वतंत्रपणे सांगावा लागतो. म्हणून 'सामाईक साठा' ही संज्ञा अधिक प्रामाणिक ठरेल. ह्याच किनाऱ्यावरील आगरी बोलीची ध्वनिमुद्रणे साठविणाऱ्या अभ्यासकाने तरी नावावर विसंबू नये. वृद्ध वक्ते निवर्तल्यावर ती पुन्हा मिळावयाची नाहीत.